कोरा अग्रलेख

महाविद्यालयात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांचा पहिला छापील लेख महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात आलेला असतो. आरंभी प्राचार्यांचे छायाचित्र, मग स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त, पावसावरच्या दोनचार कविता, एखादा विनोदी लेख आणि शेवटी क्रीडाविभागाचा अहवाल, असे त्या अंकाचे ठरलेले रूप. त्यावर एका प्राध्यापकांची देखरेख असते आणि त्यांची तांबडी शाई विद्यार्थ्यांच्या लेखांवरून फिरते. ती शाई शुद्धलेखनाच्या आणि वाक्यरचनेच्या चुका सुधारण्यासाठी फिरली, तर तो अध्यापनाचाच भाग होय. परंतु तीच शाई विद्यार्थ्याचे मत पुसण्यासाठी फिरू लागली, म्हणजे काय समजावे? अंक कोणाचा? पैसे देणाऱ्या संस्थेचा, की त्यात लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा?

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा प्राचार्यांच्या दालनातच मिटतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र गेल्या साठ वर्षांत तो पुनःपुन्हा न्यायालयांपुढे आला. तेथील महाविद्यालयांचे पत्र वर्षातून एकदा निघणारे नसते. ते साप्ताहिक असते, आणि मोठ्या विद्यापीठांत तर चक्क दैनिक. त्यामुळे तेथे विद्यार्थी संपादक आणि अधिकारी यांची गाठ वारंवार पडते. या दीर्घ वादाचा इतिहास सांगावयाचा, तर आरंभ एका कोऱ्या जागेपासून करावा लागेल.

अलाबामा हे अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्य. १९६० नंतरच्या दशकात वर्णभेदाच्या लढ्याचे ते एक प्रमुख रणक्षेत्र होते. १९६३ साली गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे अलाबामा विद्यापीठाच्या दारात स्वतः उभे राहिले होते. हेतू हा, की दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष होते डॉ. फ्रँक रोझ. पुढे १९६७ साली वॉलेस यांच्या पत्नी लर्लीन वॉलेस गव्हर्नर झाल्या. राज्याच्या कारभारावरची छाया तीच राहिली.

त्याच वर्षी अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'क्रांतीच्या भोवऱ्यातील जग' अशा आशयाच्या विषयावर एक व्याख्यानसत्र योजले आणि त्यासाठी एक पुस्तिका काढली. तीत निरनिराळ्या मतांचे उतारे होते. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील जहाल नेते स्टोकली कार्मायकेल आणि साम्यवादी विद्यार्थिनी बेट्टिना ॲप्टेकर यांच्या भाषणांतीलही काही भाग त्यात होता. एवढ्यावरून राज्याच्या विधिमंडळातील काही सभासद खवळले. अशा मंडळींना विद्यापीठात थारा मिळतोच कसा, असा त्यांचा सवाल होता. डॉ. रोझ यांनी माघार घेतली नाही. विद्यार्थ्यांनी सर्व बाजू ऐकाव्यात, हेच विद्यापीठाचे कार्य, अशी भूमिका त्यांनी घेतली.

तेथून दूर, राज्याच्या दक्षिण भागात, ट्रॉय नावाच्या लहानशा गावी ट्रॉय स्टेट कॉलेज हे सरकारी महाविद्यालय होते. त्याच्या 'ट्रोपोलिटन' या विद्यार्थी पत्राचा संपादक गॅरी डिकी याला डॉ. रोझ यांची बाजू पटली. त्यांच्या समर्थनार्थ त्याने एक अग्रलेख लिहिला आणि त्याला शीर्षक दिले 'डॉ. रोझ यांच्यासाठी विलाप'. रिवाजाप्रमाणे लेख मार्गदर्शक प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी तो छापू नये असे सांगितले. डिकी महाविद्यालयाचे अध्यक्ष राल्फ ॲडम्स यांच्याकडे गेला. त्यांनीही नकार दिला.

नकाराचे कारण लेखाची भाषा नव्हे, की कोणाची बदनामीही नव्हे. महाविद्यालयात एक नियम होता: गव्हर्नरावर किंवा विधिमंडळावर टीका करणारा मजकूर पत्रात येता कामा नये. या नियमामागची मीमांसा पुढे न्यायालयात उघड झाली. महाविद्यालय राज्याच्या मालकीचे. गव्हर्नर आणि विधिमंडळ हे त्या मालकाचे प्रतिनिधी. थैलीची दोरी त्यांच्या हाती. सबब मालकावर टीका करण्याचा अधिकार त्याच्या पत्राला नाही. गंमत अशी, की स्तुतीला मात्र या नियमाची आडकाठी नव्हती. मालकाचे गुणगान हवे तेवढे करावे!

अग्रलेखाची जागा रिकामी राहू नये, म्हणून डिकीला एक दुसरा मजकूर देण्यात आला. त्याचा विषय होता उत्तर कॅरोलायनातील कुत्र्यांची पैदास. इतिहासाला कधी कधी विनोदकाराची बुद्धी सुचते ती अशी. डिकीने तो मजकूर छापला नाही. निषिद्ध लेखही छापला नाही. त्याने शीर्षक तेवढे छापले, खालची जागा कोरी ठेवली आणि त्या कोऱ्या जागेवर तिरक्या अक्षरांत एकच शब्द टाकला: 'सेन्सॉर्ड'.

आपल्या श्रोत्यांना हे दृश्य अपरिचित वाटू नये. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले, तेव्हा 'इंडियन एक्स्प्रेस'ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरीच सोडली होती. त्या कोऱ्या चौकोनाचा अर्थ वाचकांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. ट्रॉय गावातील विद्यार्थ्यांनाही तो समजला. आणि अधिकाऱ्यांना तर अधिकच स्पष्टपणे समजला. त्यांनी डिकीवर हेतुपुरस्सर अवज्ञेचा आरोप ठेवला आणि पुढील एका शैक्षणिक वर्षासाठी त्याला महाविद्यालयाबाहेर काढले.

डिकीने दाद मागितली ती माँटगोमेरी येथील संघराज्याच्या न्यायालयात. तेथे न्यायासनावर होते फ्रँक जॉन्सन. माँटगोमेरीच्या बसगाड्यांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५६ च्या निर्णयात त्यांचा सहभाग होता आणि सेल्माहून निघालेल्या १९६५ च्या मोर्चाला वाट मोकळी करून देणारेही तेच. सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी निकाल दिला. त्यातील विवेचन साधे आहे आणि म्हणूनच भक्कम. महाविद्यालयाने पत्र चालविलेच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही, हे त्यांनी मान्य केले. अमुक लेख छापाच, अशी सक्ती त्यांनी केली नाही. परंतु एखादा विद्यार्थी राज्यकर्त्यांवर टीका करू पाहतो एवढ्याच कारणाने, अवज्ञेचे नाव पुढे करून, त्याला शिक्षणास मुकविता येणार नाही. संस्थेची शिस्त आणि अध्यापन यांत खरोखर मोठा व्यत्यय आला असता, तर गोष्ट वेगळी. गव्हर्नरावर टीका केल्याने वर्ग बंद पडत नाहीत. डिकीला परत घ्यावे, असा आदेश निघाला.

या कथेला एक उपसंहार आहे आणि तो वगळणे योग्य होणार नाही. महाविद्यालयाने वरच्या न्यायालयात अपील केले. त्याची सुनावणी होईपर्यंत डिकीने ते महाविद्यालय सोडले होते. आता वादच उरला नाही, म्हणून १९६८ साली अपील न्यायालयाने मूळ निकाल रद्दबातल ठरविला. तांत्रिक दृष्टीने जॉन्सन यांचा निकाल पुसला गेला. परंतु त्यातील विचार पुसला गेला नाही. पुढील अनेक खटल्यांत वकील आणि न्यायाधीश त्याचा हवाला देत राहिले.

येथे अमेरिकेच्या कायद्यातील एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. १७९१ मध्ये संमत झालेली तेथील पहिली घटनादुरुस्ती भाषण आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्यावर आक्रमण करण्यास शासनाला मनाई करते. खाजगी व्यक्तीला वा संस्थेला नव्हे. मूळ निर्बंध केवळ संघराज्यावर होता. १९२५ नंतर न्यायालयांनी तो राज्यांनाही लागू मानला. त्यामुळे सरकारी महाविद्यालयाचा अध्यक्ष हा कायद्याच्या दृष्टीने शासनच ठरतो आणि त्याचे हात घटनेने बांधलेले असतात. खाजगी विद्यापीठाला मात्र हे बंधन नाही. म्हणजे ज्या युक्तिवादावर ट्रॉयचे अधिकारी विसंबले होते, तोच त्यांच्यावर उलटतो. महाविद्यालय राज्याच्या मालकीचे आहे ना? मग तेथे मुस्कटदाबी करता येणार नाही, कारण तेथे मुस्कटदाबी करणारा हात राज्याचा असतो.

१९६९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने या विचाराला मोठे पाठबळ दिले. आयोवा राज्यातील डे मॉइन या गावची काही मुले व्हिएतनाममधील युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत गेली होती. त्यांना घरी पाठविण्यात आले. शाळेच्या फाटकातून आत येताना विद्यार्थी आपले घटनादत्त हक्क बाहेर ठेवून येत नाहीत, असे न्यायालयाने बजावले. शाळकरी मुलांना जर हे स्वातंत्र्य, तर मतदानाच्या वयाच्या उंबरठ्यावर असलेल्या महाविद्यालयीन तरुणांना ते का नसावे?

त्यानंतर वादाचे केंद्र शिक्षेकडून पैशाकडे वळले. विद्यार्थ्याला काढता येत नाही, तर निदान अनुदान तरी थांबवावे, असा अधिकाऱ्यांचा विचार दिसतो. मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग येथील सरकारी महाविद्यालयाच्या पत्राने कृष्णवर्णीय लेखक एल्ड्रिज क्लीव्हर यांचा एक लेख छापावयास घेतला. भाषा रांगडी, शब्द अर्वाच्य. अध्यक्षांनी छपाईचे पैसे रोखले आणि पुढील अंक आधी सल्लागार मंडळाला दाखविण्याची अट घातली. १९७० साली न्यायालयाने ही अट अवैध ठरविली. राज्याने पत्र काढणे हा त्याच्या इच्छेचा प्रश्न. परंतु एकदा ते विचारांचे व्यासपीठ म्हणून उघडल्यावर, आपण पैसे देतो एवढ्या आधारावर त्यावर मनमानी पहारा बसविता येत नाही, असा त्याचा आशय.

याहून अवघड प्रसंग उत्तर कॅरोलायनात उद्भवला. तेथील नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ हे परंपरेने कृष्णवर्णीयांचे. त्याच्या 'कॅम्पस एको' या पत्राने १९७१ मध्ये एक लेख लिहून विचारले, की गोऱ्या विद्यार्थ्यांची संख्या अशी वाढू लागली, तर हे विद्यापीठ आपले राहील काय? पत्राचा सूर गोऱ्यांच्या प्रवेशाला विरोध करणारा होता. अध्यक्ष ॲल्बर्ट व्हायटिंग, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, त्यांना हे मत घातक वाटले आणि त्यांनी अनुदान थांबविले. समानतेच्या बाजूने उभा असलेला मनुष्य येथे अध्यक्षांशी सहमत होईल. अपील न्यायालयाने मात्र १९७३ साली पत्राच्या बाजूने निर्णय दिला. विद्यापीठाने भेदभाव करू नये, हे खरे. पण एखाद्या विद्यार्थ्याने भेदभावाच्या धोरणाचा पुरस्कार केला, म्हणून त्याचे पत्र बंद पाडणे हे सेन्सॉरशिपच होय. आपल्याला रुचणाऱ्या मताचे स्वातंत्र्य मागणे सोपे असते. स्वातंत्र्याच्या तत्त्वाची कसोटी लागते ती अशा ठिकाणी.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे अभिरुचीचा प्रश्न आला. मिसूरी विद्यापीठातील बार्बरा पॅपिश ही पदव्युत्तर विद्यार्थिनी एक बंडखोर पत्र आवारात वाटत होती. त्याच्या मुखपृष्ठावर पोलीस स्वातंत्र्यदेवतेवर आणि न्यायदेवतेवर अत्याचार करीत असल्याचे व्यंगचित्र होते आणि आत एका मथळ्यात असभ्य शब्द होता. तिला काढून टाकण्यात आले. विशेष हे, की ती पत्रकारितेची विद्यार्थिनी होती आणि पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय १९०८ साली स्थापून त्या क्षेत्रात पायंडा पाडणारे विद्यापीठही हेच! न्यायालयाने बहुमताने सांगितले, की विचार कितीही अभिरुचिहीन वाटले, तरी केवळ सभ्यतेच्या संकेतांचे नाव घेऊन त्यांचा प्रसार सरकारी विद्यापीठाला रोखता येत नाही. तीन न्यायाधीश मात्र याच्याशी असहमत होते.

काही पत्रांनी न्यायालयाची वाट न धरता थैलीचाच प्रश्न निकालात काढला. कॅलिफोर्नियातील बर्कलीचे 'डेली कॅलिफोर्नियन' हे १८७१ पासूनचे पत्र. १९७१ मध्ये, तेथील 'पीपल्स पार्क'चा ताबा पुन्हा घेण्यास चिथावणी देणाऱ्या अग्रलेखावरून विद्यापीठाने त्याच्या संपादकांवर कारवाई केली. तेव्हा ते पत्र विद्यापीठापासून विभक्त झाले आणि स्वतःच्या पायांवर उभे राहिले. या स्वातंत्र्याची किंमत जाहिरातींच्या वहीत मोजावी लागते. पण दोरी दुसऱ्याच्या हाती राहत नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल, की प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. तसे नव्हते. सेंट लुइसजवळच्या हेझलवुड येथील शाळेत 'स्पेक्ट्रम' नावाचे पत्र पत्रकारितेच्या वर्गातून निघत असे. मे १९८३ मध्ये मुख्याध्यापकांनी त्यातील दोन पाने काढून टाकली. एका लेखात शाळकरी मुलींच्या गर्भारपणाचे अनुभव होते, दुसऱ्यात आईबापांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम. संबंधित मुली ओळखू येतील, आईबापांची बाजू घेतलेली नाही, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे. आणि ते सर्वस्वी गैरवाजवी होते असेही म्हणता येत नाही. १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांचा पक्ष उचलून धरला. शाळेच्या नावाने आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघणाऱ्या पत्रावर, वाजवी शैक्षणिक हेतूने, शाळेला नियंत्रण ठेवता येईल, असे ठरले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले.

आता या निर्णयाची एक तळटीप पाहा. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनाही हाच निकष लावावा काय, हे ठरविण्याची आज गरज नाही, एवढेच तीत म्हटले होते. एका तळटिपेत उघडे ठेवलेले हे दार पुढील कित्येक वर्षे वाऱ्याने आपटत राहिले.

केंटकी राज्य विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांच्या वार्षिकाच्या साऱ्या प्रती जप्त करून कोंडून ठेवल्या. आक्षेप काय? मुखपृष्ठ जांभळे आहे, संस्थेच्या रंगांचे नाही. छायाचित्रांखाली नावे नाहीत. चालू घडामोडींची चित्रे फार आहेत. २००१ साली अपील न्यायालयाने हे कृत्य घटनाबाह्य ठरविले. विद्यापीठातील पत्राला शाळेचा निकष लागू नाही, असे ते म्हणाले. याउलट इलिनॉयमधील गव्हर्नर्स स्टेट विद्यापीठात २००० साली एका अधिष्ठात्यांनी छापखान्यालाच दूरध्वनी केला: आम्ही वाचल्याखेरीज 'इनोव्हेटर'चा अंक छापू नका. संपादिकांनी फिर्याद केली. २००५ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने बहुमताने सांगितले, की हेझलवुडची चौकट महाविद्यालयांनाही लागू होऊ शकते आणि त्या वेळी कायदा अस्पष्ट असल्याने अधिष्ठात्यांना जबाबदार धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे प्रकरण हाती घेण्यास नकार दिला. म्हणजे एकाच देशात, एकाच घटनेखाली, विद्यार्थी संपादकाचा हक्क तो कोणत्या राज्यात शिकतो यावर अवलंबून राहू लागला.

न्यायालयाने जे दिले नाही ते विधिमंडळाने द्यावे, असा प्रयत्न त्यानंतर झाला. त्याच इलिनॉय राज्याने २००७ साली कायदा करून सरकारी महाविद्यालयांच्या विद्यार्थी पत्रांना पूर्वतपासणीपासून मुक्त केले आणि मुस्कटदाबीस नकार देणाऱ्या मार्गदर्शकाला त्या कारणावरून दूर करू नये, अशीही तरतूद केली. ज्या अलाबामात विधिमंडळाच्या मर्जीसाठी एक अग्रलेख रोखला गेला होता, ती स्थिती आठवली, म्हणजे विधिमंडळानेच विद्यार्थ्याच्या लेखणीला संरक्षण द्यावे, यातील स्थित्यंतर लक्षात येते.

अधिकाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे मात्र समजू नये. तरुणांची लेखणी उतावळी असते. बदनामीचा दावा आला, तर त्याची झळ संस्थेलाही पोहोचू शकते. पत्राचा खर्च जनतेच्या पैशातून होतो. ही कारणे खरी आहेत. परंतु बदनामीसाठी बदनामीचा कायदा आहे, आणि उतावळेपणावर उत्तम उपाय म्हणजे जबाबदारी. चूक छापून दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करावी लागलेला संपादक जे शिकतो, ते आधीच सर्व काही तपासून मिळालेल्या संपादकाला कधीच शिकता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५० सालीच, दिल्लीच्या एका साप्ताहिकाच्या प्रकरणात, छापण्यापूर्वीची तपासणी हे मुद्रणस्वातंत्र्यावरील बंधन होय, असा निर्णय दिला होता. वाजवी निर्बंधांच्या मर्यादेत, एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्य सर्व नागरिकांना आहे. आणि महाविद्यालयात नाव घातल्याने कोणाचे नागरिकत्व स्थगित होत नाही.

हा वाद संपला आहे, असे वाटत असेल, तर अगदी अलीकडची एक घटना सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडियाना विद्यापीठाने आपल्या विद्यार्थी पत्राच्या संचालकाला काढून टाकले आणि पत्राची छापील आवृत्ती बंद केली. वार्षिक सोहळ्याच्या अंकात बातम्या घेऊ नयेत, हे सांगणे आपण अमान्य केले म्हणून ही कारवाई झाली, असे संचालकांचे म्हणणे. हा केवळ खर्चाचा आणि व्यवहाराचा प्रश्न आहे, असे विद्यापीठाचे म्हणणे. पुन्हा तीच थैली! तेव्हा त्याच राज्यातील पर्ड्यू या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, ज्यांचे पत्र विद्यापीठापासून स्वतंत्र आहे, आपल्या खर्चाने एक विशेष अंक छापला आणि तो गाडीत घालून इंडियाना विद्यापीठाच्या गावी नेऊन वाटला. महिना संपता संपता विद्यापीठाने छापील अंकाला पुन्हा परवानगी दिली.

१९६७ साली ट्रॉय गावातील विद्यार्थ्यापाशी शेजारचा छापखाना नव्हता. त्याच्यापाशी होती फक्त एक रिकामी जागा आणि ती कुत्र्यांच्या पैदाशीने भरण्यास त्याने दिलेला नकार. तो 'विलाप' त्या अंकात कोणी वाचला नाही. पण आपल्या विद्यापीठात सर्व बाजू ऐकल्या गेल्या पाहिजेत असे म्हणणाऱ्या एका शिक्षकाच्या बाजूने, त्याला कधी न शिकविलेल्या एका विद्यार्थ्याने उभे राहावे, यात विद्यापीठ या संस्थेच्या अर्थाचे जे दर्शन घडते, ते त्या कोऱ्या जागेतून आजही वाचता येते.